लुक्लाचं तिकीट काढताय? विमान कुठून सुटतं ते आधी विचारा

नेपाळमधला एव्हरेस्टकडचा ट्रेक लुक्ला या डोंगरातल्या गावाहून सुरू होतो. आमच्या एजंटाने "काठमांडू ते लुक्ला" म्हणून पैसे घेतले. काठमांडूतल्या थामेलच्या हॉटेलात रात्री जेवताना कळलं, की विमान रामेछापहून, म्हणजे मंथलीच्या धावपट्टीवरून आहे आणि गाडी रात्री एकला निघणार!

ट्रेकिंगच्या दोन्ही हंगामांत (वसंत आणि शरद) काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर गर्दी होते, म्हणून लुक्लाची बरीचशी उड्डाणं मंथलीला हलवतात. काठमांडूहून तिथवर अंतर साधारण १३० किलोमीटर, पण चार-पाच तास धरा. वाटेतला बीपी महामार्ग अरुंद आणि वळणांचा. त्यात सप्टेंबर २०२४च्या पुराने रोशी नदीकाठचा रस्ता जागोजागी वाहून गेला. गाडी लागत असेल तर निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्या आणि पुढची सीट भांडून मिळवा. अख्ख्या ट्रेकमध्ये मला याहून वाईट काही लागलं नाही. लुक्लाच्या पुढे नामचे गावाची चढण तुम्हाला जमेल.

दुसरी लूट भाड्याची. नेपाळमध्ये देशांतर्गत विमानाला नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी असे तीन वेगळे दर असतात. भारतीयांचा दर डॉलरच्या दरापेक्षा कमी असतो. आमच्याकडून डॉलरचाच उकळला. "भारतीय दर सांगा" असं स्पष्ट म्हणा, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवा. भारतातून विमानाने नेपाळला जाताना १५ ते ६५ वयाच्यांना आधार चालत नाही.

मुंबई-काठमांडू नेपाळ एअरलाइन्सच्या एअरबस ए३२०ने केलं, निवांत. ही सरकारी कंपनी १९५८ साली डाकोटा विमानावर सुरू झाली. पुढे मोठी जेट विमानं आली. पण डोंगराळ नेपाळ जोडला तो तिच्या एकोणीस आसनी ट्विन ऑटर या छोट्या विमानांनी. चीनकडून घेतलेली एमए६० आणि वाय१२ ही छोटी विमानं तर २०२०मध्ये उभीच करून ठेवली. आज लुक्लाला दिसतात ती बहुतेक खाजगी कंपन्यांची विमानं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हंगामात सरकारी विमानं भरपूर असती, तर एजंटांना इतका हात मारता आला नसता.

डिसेंबर २०१३मध्ये युरोपीय संघाने नेपाळच्या सगळ्याच विमान कंपन्यांना सुरक्षेच्या कारणावरून आपल्या हद्दीत उडायला बंदी घातली, हे ठाऊक असूनच बसा. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, जवळजवळ १२ टक्के चढाची, आणि शेवटी डोंगर. एकदा उतरायला घेतलं की पुन्हा वर उठायची सोय नाही. पण चाकं टेकली तेव्हा रात्रीचा सगळा शिणवटा गेला. असं उतरणं आयुष्यात एकदा अनुभवायलाच हवं! जाताना डावीकडे बसा, हिमशिखरं त्याच बाजूला.

सामान हातातल्या पिशवीसकट १५ किलो. पहिल्या फेरीचंच तिकीट मागा, कारण दुपारकडे वारा आणि ढग येतात. परतीला दोन दिवस राखीव ठेवा आणि मुंबईचं विमान त्यानंतरचं काढा. उड्डाण रद्द झालं की हेलिकॉप्टरवाले भोवती जमतात. पहिल्या तासात सांगितलेल्या भावाला हो म्हणू नका.