हस्ताक्षराचा मराठी फॉन्ट: सगळी गोम शिरोरेषेत

स्वतःच्या अक्षराचा फॉन्ट करून देणाऱ्या साइट्स आता भरपूर झाल्यात, कॅलिग्राफर त्यातली बरीच नावाजलेली. चौकोन आखलेलं पान प्रिंट करायचं, पेनाने भरायचं, स्कॅन करून अपलोड करायचं की फॉन्टची फाइल हातात. इंग्रजीला हे मस्त जमतं. पण एका चौकोनात एक अक्षर ही पद्धतच देवनागरीला पुरत नाही, आणि का पुरत नाही हे मला आत्याच्या अक्षराचा फॉन्ट करायला घेतल्यावर नीट कळलं. घरातल्या मोठ्या माणसाचं अक्षर कुणाला असं जपायचं असेल तर उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आत्या मराठी शाळेत शिकवायची. फळ्यावरचा सुविचार, प्रगतिपुस्तकातले शेरे, आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकांवरची नावं, सगळं तिच्या हातचं. तिच्यापुढे चौकोनांचं पान ठेवलं तर म्हणाली, "अरे, असं सुटं सुटं मी कधी लिहिते का? शब्द दे मला." आणि तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ती आधी रेघेशिवाय अख्खा शब्द लिहिते आणि मग वरून एका दमात शिरोरेषा ओढते, मधे ध किंवा भ आला की तिथे पेन उचलते कारण त्यांच्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते. चौकोनात लिहायला लावलं की प्रत्येक अक्षराला आपली आपली तुटकी रेघ येते आणि ते अक्षर तिचं वाटतच नाही.

मग शब्दच लिहून घेतले. वऱ्हाड, दऱ्याखोऱ्या, ज्येष्ठ, उद्ध्वस्त, कर्तृत्व, लक्ष्मी, स्वातंत्र्य, विठ्ठल, बुद्धी, ऑक्टोबर असे, म्हणजे जोडाक्षरं, रफार, ऱ्य-ऱ्ह, चंद्र सगळं येतं. एकदा शिरोरेषेसकट आणि एकदा तिच्याशिवाय. अक्षरं कापायची ती बिनरेघेच्या शब्दांतून, आणि रेघ असलेले शब्द शेजारी ठेवायचे, तिची रेघ किती जाड, किती डुलते ते बघायला.

स्कॅनचं थोडक्यात. कोरा कागद, काळं जेल पेन, ६०० डीपीआय, ग्रेस्केल, आणि फाइल पीएनजी किंवा टिफमधे, जेपेगमधे नको कारण कडेला बारीक धूळ येते आणि ट्रेसिंग करणारं सॉफ्टवेअर ती धूळही अक्षर समजून गिरवतं. जुनं पत्र असेल आणि कागदाला निळ्या ओळी असतील तर रंगीत स्कॅन करून फक्त ब्लू चॅनल ठेवा, निळ्या ओळी जवळजवळ गायब होतात, काळी शाई राहते. पत्रच निळ्या शाईचं असेल तर मात्र हा उपाय बाद.

चित्राची बाह्यरेषा करायला पोट्रेस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पीटर सेलिंगर यांनी केलेलं, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रेस बिटमॅप आतून तेच वापरतं. त्यात ठिपके गाळायची एक सेटिंग असते, ती फार वाढवली की डागांबरोबर अनुस्वारही जातात, तेव्हा तिथे हात आखडता ठेवा. मग फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधे आणून सिम्प्लिफाय करायचं म्हणजे बाह्यरेषेवरचे नको असलेले शेकडो बिंदू कमी होतात, आणि अ‍ॅड एक्स्ट्रीमा करायचं म्हणजे वळणांच्या टोकांवर बिंदू येतात. पण सिम्प्लिफाय अगदी थोडंसंच करा. आत्याचा ळ खाली किंचित ओढल्यासारखा आहे, तो सॉफ्टवेअरने गुळगुळीत केला तर मग हा सगळा खटाटोप कशाला?

आता शिरोरेषा. फॉन्टमधे प्रत्येक अक्षर स्वतःचा रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांना भिडून सलग रेघ दिसायला हवी. हाताची रेघ वरखाली होते, जाडबारीक होते, तशीच कापून घेतली तर शब्द लिहिल्यावर पायऱ्या पडतात. पूर्ण सरळ पट्टी टाकली तर छापील बोर्ड दिसतो. मी केलं ते असं: अक्षराच्या डाव्या आणि उजव्या कडेला रेघेची उंची आणि जाडी सगळीकडे अगदी एकच ठेवली, १००० युनिट (फॉन्टमधलं मोजमाप) उंचीच्या चौकटीत रेघेची खालची कड ६२० वर आणि वरची ६८० वर, आणि या दोन कडांच्या मधे रेघेला हवं तसं डुलू दिलं. शिवाय रेघ अक्षराच्या रुंदीच्या बाहेर १०-१५ युनिट जाऊ दिली, नाहीतर स्क्रीनवर दोन अक्षरांच्या मधे केसासारखी पांढरी फट दिसते. हेच काना आणि अर्ध्या अक्षरांनाही. ध, भ, थ ला डावी कड मोकळीच. एवढं झालं आणि "विठ्ठल" टाइप केलं तर तो छापलेला नाही, आत्याने लिहिलेला दिसला, मी लगेच तिला फोटो पाठवला.

पुढचं काम नियमांचं. युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ च जागा आहेत पण प्रत्यक्षात लागणारी रूपं काहीशे. त, न, म सारख्या अक्षरांचा काना काढला की अर्धं अक्षर तयार, ते सोपं. ट, ड, द ला तशी उभी दांडी उजवीकडे नसते, त्यामुळे ट्ट, द्ध, द्व वेगळी लिहून घ्यावीच लागतात. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते नंतर, दिसते आधी, आणि तिची कमान पुढच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलायला हवी, "नि" ची आणि "स्थि" ची एकच ठेवली तर कमान मधेच संपते, म्हणून लहानमोठ्या तीन-चार कमानी लागतात. कुठलं रूप कधी दिसावं हे फॉन्टच्या आत सांगणारे हे ओपनटाइपचे नियम शून्यापासून लिहायची गरज नाही. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, म्हणजे तो फुकट वापरायला आणि बदलायला परवानगी आहे, त्याची मूळ फाइल बघता येते, आपल्या अक्षरांना त्यातलीच नावं दिली की बरेच नियम जसेच्या तसे चालतात, फक्त आपल्या फॉन्टला वेगळं नाव द्यायचं आणि तोही त्याच लायसन्सखाली ठेवायचा.

एक सुख असं की ल आणि श ची भानगड इथे नाही. बऱ्याच फॉन्टमधे ते आधी हिंदी वळणाचे येतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच आपले दिसतात. आत्या लिहिते तोच मूळ ल, तोच मूळ श, काही सेटिंग नाही.

आणि कृपा करून एक शॉर्टकट घेऊ नका. इंग्रजी टेम्प्लेटमधे के च्या जागी क, जी च्या जागी ग असं भरून "मराठी फॉन्ट" केलेला मी बघितलाय. दिसायला ठीक, पण आतला मजकूर इंग्रजीच राहतो, शोधता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. जुन्या शिवाजी वगैरे फॉन्टमधे टाइप केलेले कितीतरी मराठी मजकूर आज असेच अडकून पडलेत, तेव्हा युनिकोड रुळलं नव्हतं म्हणून ते चाललं, आज तसं नवीन करायला काहीच कारण नाही.

तपासताना एकाच ठिकाणी बघू नका. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस तिन्ही जोडाक्षरांसाठी हार्फबझ हे अक्षरं जुळवून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे एकात बरोबर आलं की बहुतेक तिन्हीकडे येतं, पण वर्डचं गणित वेगळं असतं, तिथे "दऱ्याखोऱ्या" आणि "कर्तृत्व" टाकून बघाच.

सध्या माझ्याकडे प्रत्येक अक्षर एकाच रूपात आहे, त्यामुळे "बाबा" मधले दोन ब हुबेहूब सारखे येतात आणि तिथे फॉन्ट असल्याचं लगेच कळतं. आता वारंवार येणाऱ्या अक्षरांची दुसरी-तिसरी रूपं घालून ती आलटून पालटून यावीत असा नियम टाकतोय. पहिल्यांदाच करणार असाल तर क, त, न, र, स, म, ब आणि काना निदान तीन-तीनदा लिहून घ्या, एकाच बैठकीत आणि एकाच पेनाने, नाहीतर जाडी जुळत नाही.