टॅक्स भरायला पैसे नसले तरी रिटर्न भराच

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याचं दुकान बसलं, क्रेडिट कार्डांचं कर्ज झालं, वर टॅक्स थकला, आणि आता बँकरप्सी फाइल करायचं चाललंय. इकडे बडोद्यात दांडिया बाजारात मावशीचा जीव खालीवर. मी टॅक्सच्या ऑफिसात काम करते म्हणून मला विचारते, अगं सरकारचे पैसे कधी माफ होतात का? तिची शंका रास्त आहे, आपल्याकडे साध्या माणसाच्या दिवाळखोरीला अजून 1920 चा कायदा चालतो आणि त्यात सरकारी देणं सुटत नाही.

तिकडे मात्र जुना इन्कम टॅक्स सुटू शकतो. चॅप्टर 7 मध्ये, म्हणजे असलेली मालमत्ता विकून उरलेलं कर्ज माफ करणाऱ्या दिवाळखोरीत, त्यासाठी तारखा जुळाव्या लागतात, म्हणजे त्या वर्षाच्या रिटर्नची मुदत (एक्स्टेंशन घेतलं असेल तर ते धरून) केस टाकायच्या किमान 3 वर्षं आधी येऊन गेलेली पाहिजे, रिटर्न प्रत्यक्ष भरून 2 वर्षं झालेली पाहिजेत, आयआरएसनं, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्यानं, टॅक्स असेस करून, म्हणजे रक्कम ठरवून नोंदवून, 240 दिवस झालेले पाहिजेत, आणि लबाडी केलेली नको.

लोक अडकतात ते त्या 2 वर्षांत. पैसे नाहीत मग रिटर्न कशाला, असं म्हणून गप्प बसतात. अरे पण रिटर्न भरणं वेगळं आणि टॅक्स भरणं वेगळं! रिटर्न नाही तर ती 2 वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. आयआरएसनं स्वतःच तुमचं रिटर्न बनवलं तर ते तुमचं धरत नाहीत, आणि टेक्सास, कोलोरॅडो, मॅसॅच्युसेट्स ज्यांच्याखाली येतात त्या अपील कोर्टांनी तर उशिरा भरलेलं रिटर्नसुद्धा रिटर्न मानलेलं नाही. दंडही बघा, रिटर्न न भरल्याचा महिन्याला 5 टक्के, 25 टक्क्यांपर्यंत, आणि नुसते पैसे न भरल्याचा महिन्याला अर्धा टक्का. मला तर याच्यापुढे बोलायची गरजच वाटत नाही.

दिवाळखोरीचा दुसरा प्रकार चॅप्टर 13, त्यात 3 ते 5 वर्षं हप्ते भरायचे असतात, तिथे मागच्या 4 वर्षांची रिटर्नं भरलेली नसली तर केस पुढे सरकणं कठीण. चॅप्टर 7 मध्ये शेवटचं रिटर्न, ज्यांचं देणं आहे त्यांच्याबरोबरच्या मीटिंगच्या 7 दिवस आधी ट्रस्टीकडे, म्हणजे केस सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे, द्यावं लागतं, आणि येणारा रिफंडही ट्रस्टी मागू शकतो, तो आपला धरून खर्च करू नये.

कामगारांच्या पगारातून कापलेला टॅक्स मात्र कधीच माफ होत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं, ते पैसे मुळात दुकानदाराचे नव्हतेच. घरावर आधीच आयआरएसचा लीन, म्हणजे थकलेल्या टॅक्सपोटीचा हक्क, लागला असेल तर केस संपल्यावरही तो घराला चिकटून राहतो.

मावशी परवा म्हणाली, कार्डावर टॅक्स भरून टाक म्हणून सांगते त्याला, निदान सरकार तरी मागे लागणार नाही. मी म्हटलं मावशी, हे अजिबात सांगू नकोस, माफ न होणारा टॅक्स कार्डानं भरला तर चॅप्टर 7 मध्ये कार्डाचं तेवढं कर्जही माफ होत नाही, त्यापेक्षा आयआरएसकडून अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे टॅक्स खात्याचा उतारा, काढून सगळ्या तारखा वकिलासमोर ठेव म्हणावं.