वाटा नाही, भाकर आहे

रक्तपिती, म्हणजे महारोग (कुष्ठरोग), झालेल्याला पूर्वी गावाबाहेर काढत, एवढं बोलून आपण थांबतो. शेताच्या वाटणीत त्याचं काय व्हायचं, हे कुणी विचारत नाही.

खान्देशात वारसाहक्काचा एक मुख्य आधार मिताक्षरा. चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेली याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरची ही टीका, म्हणजे त्याचा अर्थ उलगडणारा ग्रंथ. इंग्रजी अमलातल्या कोर्टांनीही इथे ती प्रमाण मानली. मूळ स्मृतीचे शब्द ‘भर्तव्याः स्युर्निरंशकाः’: बरा न होणारा रोग असलेल्याला हिस्सा नाही, पण त्याला पोसायचं. चार भावांत एकाला असा रोग असला तर शेताचे तीनच वाटे पडत. मात्र त्याचा मुलगा निरोगी असला, तर बापाचा वाटा त्या मुलाला. मुलींना लग्न होईपर्यंत सांभाळायचं, नीट वागणाऱ्या बायकोलाही. घरात भाकर मिळे, पण सातबाऱ्यासारखा हातात धरायला कागद नाही. मग भावजयीच्या मर्जीवर दिवस काढायचे. मला यातली ही बाजू सगळ्यात क्रूर वाटते.

टीकेत दोन पोटनियम आहेत. रोगासारखा दोष वाटणीच्या आधीचा हवा. नंतर झाला तर मिळालेलं काढून घेता येत नाही. आणि वाटणीनंतर औषधाने बरा झाला, तर त्याला हिस्सा मागता येतो.

घोटाळा व्हायचा तो ‘कुष्ठ’ या शब्दाने. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार, सात महाकुष्ठ आणि अकरा क्षुद्र. त्यांत गजकर्णासारखे कातडीचे साधे आजारही येतात. म्हणजे ज्याला महारोग नव्हताच, त्याच्यावरही तोच शिक्का बसू शके. पुढे इंग्रजी कोर्टांनी जखमा वाहणारा, असाध्य प्रकारच अपात्र धरला. मिताक्षरा चाले तिथे रोगामुळे वारसाहक्क जाणं 1928 च्या कायद्यानेच थांबवलं; 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 ने ते सगळ्याच हिंदूंसाठी संपवलं.

तो शब्दांचा गोंधळ आजही आहे; कोडाच्या डागालाही लोक घाबरतात. डाग महारोगाचा असू शकतो का, हे घरच्या घरी पाहायचं असेल तर कापसाची बारीक टोकदार वात करा. आधी डाग असलेल्याच्या चांगल्या कातडीवर टेकवून दाखवा, मग त्याला डोळे मिटायला सांगा. वात डागावर ओढू नका, फक्त टेकवा; जिथे लागली तिथे त्याने बोट ठेवायचं. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो, पण स्पर्श कळतो. फिकट किंवा लालसर चट्टा बधिर निघाला, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. डाग बधिर नसला तरी संशय असेल तर दाखवाच, कारण काही प्रकारांत बधिरपणा उशिरा येतो. औषध फुकट मिळतं. साधारण पाचपर्यंत डाग असले तर सहा महिने, जास्त असले तर बारा.