एकोणीस

त्या बुधवारी बिडी सोडलेल्या मामांच्या श्वासाचा मशीनवरचा आकडा १९ आला आणि मी तो नेहमीसारखा मोठ्याने वाचला. त्याला आता आठ महिने झाले. तरी भांडी घासताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, मधेच तो आकडा डोळ्यांपुढे येतो. म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी कोल्हापूर भागातल्या एका सरकारी दवाखान्यात तंबाखूमुक्ती केंद्रावर समुपदेशक आहे. कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर. आमच्याकडे येणारे बहुतेक तंबाखू-चुनावाले नाहीतर मावावाले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, पण ओढणारे चार टक्क्यांच्याही आत. त्यामुळे पोस्टर, भाषणं, शाळांच्या रॅल्या, सगळं तोंडाच्या कॅन्सरभोवती फिरतं आणि बिडीवाला कोपऱ्यात राहतो. तोही स्वतःला व्यसनी मानत नाही. ‘सिगरेट न्हाई वो मॅडम, साधी बिडी हाय.’ पानात गुंडाळली म्हणजे जणू काढाच. खरं तर तेंदूचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात, आणि तेवढा धूर जास्त आत जातो. पाकिटावर मदतीचा नंबर असतो, १८००-११-२३५६. पण सुट्टी बिडी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंय कधी? सुट्टी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे. आमच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर जाऊन एक मागून बघा.

तर, मी बिडीवाल्यांची वेगळी बैठक सुरू केली. दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला, लसीकरणाच्या खोलीत. सात जण होते. जवळच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतले, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातले, मामा आणि आण्णा, एक रिक्षावाले, एक निवृत्त गुरुजी, गुऱ्हाळावरचा एक गुळव्या आणि भाजी विकणारे दोन भाऊ. वरिष्ठांनी विचारलं, सात माणसांसाठी वेगळी बैठक कशाला, एकदाच शंभर जणांना व्याख्यान द्या की. व्याख्यानाने बिडी सुटली असती तर गुरुजींची पहिल्यांदा सुटली असती.

बैठकीत मी फारसं बोलत नसे. निकोटीनची गोळी कशी घ्यायची एवढं मात्र हाताला धरून शिकवावं लागे. लोक ती चिंगमसारखी कचाकचा चावतात, मग उचकी लागते, पोटात जळजळतं, आणि गोळी वाईट ठरते. ती दोन-चारदा सावकाश चावायची, जिभेला झिणझिणलं की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची. झिणझिण गेली की पुन्हा दोनदा चावायची. आधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही. तंबाखू खाणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं, कारण त्याचा गाल तयार असतो. बिडीवाल्याला चार बैठका लागतात.

बाकीचं सगळं त्यांनी त्यांचं उभं केलं. मिस्ड कॉलची पद्धत रिक्षावाल्यांची. तलफ आली की जोडीदाराला मिस्ड कॉल द्यायचा, त्याने असेल तिथून उलटा फोन करायचा, आणि बिडी सोडून कशावरही बोलायचं. तलफ तीन-चार मिनिटांची असते, तेवढ्यात ओसरते. मामा-आण्णांची जोडी. मामांची सगळ्यात अवघड वेळ पहाटेच्या पहिल्या चहाची. आण्णा फोन करून म्हशीला फॅट किती लागला विचारायचे. रोज, तोच प्रश्न. मामा म्हणायचे, ‘ह्याच्या फॅटच्या नादात माझी बिडी ऱ्हायली.’

आणि आकडा मोठ्याने वाचायची पद्धत खुद्द मामांची. माझ्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, मोजायचं छोटं मशीन आहे. पंधरा सेकंद श्वास कोंडून धरायचा, शेवटची तीन सेकंदं ते बीप बीप करतं, मग कागदी नळीतून सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचं. ६ पर्यंत हिरवा दिवा, १० च्या वर लाल, मधे पिवळा. पहिल्या दिवशी मामांचा ३१ आला होता. दिवसाला दोन बंडलं. एखादा दिवस बिडी बंद ठेवली की हा आकडा एवढा उतरतो की माणूस स्वतःच चकित होतो. पुढच्या आठवड्याला मामांचा ४ आला. मी तो हळूच कानात सांगितला, तर ते म्हणाले, ‘आखाड्यात पैलवानाचं वजन सगळ्यांम्होरं करत्यात. हे का कानात?’ तेव्हापासून सगळ्यांचे आकडे मोठ्याने. मामांचे ओळीने चार आठवडे ४, ३, ३, ३. ते बैठकीचे वस्तादच झाले. भाजीवाल्या धाकट्याने एकदा चोरून ओढली होती, ती त्याने आधी मामांना सांगितली, मला नाही.

बिडी सोडल्यानंतरच्या पाचव्या बुधवारी आण्णा आणि मामा कामावरून थेट आले होते. कपड्यांना वाळू आणि कोळशाचा वास. आधी आण्णांनी फुंकलं, ८ आला. एरवी त्यांचा ३ असतो. मी म्हटलं, ‘जरा जास्त आहे, चालेल,’ आणि नळी बदलली. या ‘चालेल’वर मी पुढे किती रात्री अडकले आहे.

मामांनी फुंकलं. १९.

खोलीत कुणी बोललं नाही. मामांनी स्वतः मशीन हातात घेऊन पाहिलं. म्हणाले, ‘मी बिडी वढली न्हाई.’ मी पुन्हा फुंकायला लावलं, १९ च. आणि मग मी माझा तो ठेवणीतला, प्रशिक्षणात शिकवलेला आवाज काढला. मामा, घसरण होते, त्यात लाज नाही, लपवण्यात मात्र नुकसान आहे. माझं वाक्य संपायच्या आत आण्णा उठले. ‘मॅडम, सकाळधरनं मी हाय त्याच्यासंगं. त्यानं वढली न्हाई.’

मी म्हटलं, ‘आण्णा, मित्राला सांभाळून घेण्याने मित्राचंच नुकसान होतं.’

हेही प्रशिक्षणात शिकवलेलं. आण्णा माझ्याकडे बघत राहिले. ‘तुम्हीच सांगितलासा न्हवं, एकमेकावर इस्वास ठेवा म्हणून?’

मामांनी टोपी उचलली आणि गेले. मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘पुन्हा सुरू’ लिहिलं आणि सही केली.

पुढचे दोन बुधवार मामा आले नाहीत. फोन उचलला नाही. नंतर एका सकाळी आण्णा एकटेच ओपीडीत माझ्या टेबलापाशी उभे राहिले. बसले नाहीत. म्हणाले, ‘त्या राती जाताना त्यानं बंडल घ्याटलं. म्हनला, वढलीच हाय म्हंत्यात तर वढूया. ते जाऊं द्या. तुम्ही मशीन घिऊन या. वर चार्जिंगला, भट्टीत माल टाकाय, त्याच्याबरोबर एक पोरगं हाय, माळकरी. त्यानं जन्मात बिडी धरली न्हाई. त्याला फुंकाय लावा.’

त्या फौंड्रीत अजून कुपोला आहे. उभी, धुराड्यासारखी भट्टी. खालून हवा मारतात, वरून कोक म्हणजे भट्टीचा कोळसा, पिग आयर्न म्हणजे कच्चं लोखंड, भंगार, चुनखडी टाकतात. रोज लागत नाही. ज्या दिवशी लागते त्या दिवसाला हीट म्हणतात. कोक असा पेटला की कार्बन मोनॉक्साइड होणारच, आणि तो वर, जिथून माल टाकतात त्या फळीवर, माणसाच्या तोंडाशी येतो. मामा त्या फळीवर होते. आण्णा खाली मोल्डिंगला. त्यांच्याकडे वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना वाळूतला कोळसा जळतो तेवढाच. आधी हीट सोमवारी आणि शुक्रवारी असायची. मामांच्या त्या पाचव्या आठवड्यात वार बदलून तिची मंगळवार-बुधवार झाली होती. मी हे कधी विचारलंच नव्हतं. माझ्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना आहे. त्यात मी ‘कामगार’ लिहिलं होतं.

जनजागृती कार्यक्रमाच्या नावाखाली परवानगी काढली. बुधवारी सकाळी साडेसातला गेटबाहेर, मोकळ्या हवेत मशीन शून्यावर आणलं आणि कामावर जाणाऱ्यांना फुंकायला लावलं. माळकरी पोरगं, वय एकोणीस-वीस, गळ्यात तुळशीची माळ, नळी तोंडाला लावायलाच लाजत होतं. आकडा २. आण्णा ३. वॉचमन २. संध्याकाळी पाचला हीट संपल्यावर तीच माणसं, तीच जागा. वॉचमन २. आण्णा ८.

पोरगं १६.

ते पोरगं घाबरून म्हणालं, ‘मॅडम, माळेची शपथ, मी काय घेत न्हाई.’ मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे. किती सहज म्हणाले मी ते. हेच तीन शब्द काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या माणसाला म्हणायला काय झालं होतं? माळ दिसली म्हणून विश्वास बसला. मामांच्या गळ्यात नव्हती.

मामा त्या दिवशी हीटवरच होते. मी वर पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं नाही.

मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलंय की गाडीचा धूर, चूल, भट्टी यानेही आकडा वाढतो. मी ते वाचलेलं आहे. परीक्षेत उत्तरही लिहिलंय. पण रोजच्या वापरात मशीन म्हणजे बिडी पकडायचं यंत्र, असंच डोक्यात बसतं. मग मला आमचा गुळव्या आठवला. त्याचा नेहमी ७, कधी ८. मी दोनदा हसत हसत म्हटलं होतं, एखादी तरी होतेच वाटतं! तो म्हणाला होता, ‘चुलवाणापुढं बसतुया मी.’ मला तो विनोद वाटला होता.

तरी एक गोष्ट सुटत नाही. पोराचा १६ आणि मामांचा १९. तेच काम, तीच फळी, पण वेगळा बुधवार. वयाचा फरक, वाऱ्याचा फरक, मामा फळीवर किती वेळ उभे होते त्याचा फरक. मधल्या ३ मध्ये यातलं काहीही बसतं. एखादी बिडीही बसते. मी कागदावर मांडून पाहिलं आणि कागद फाडला. हे शोधून काढायची मला एवढी घाई का आहे, तेच कळेना. स्वतःला थोडं बरोबर ठरवायचं असेल.

फौंड्रीच्या मॅनेजरांना आकडे दाखवले. माणूस सभ्य, चहा दिला. म्हणाले, ‘मॅडम, तुमचं काम बिडी सोडवायचं. भट्टीचं आम्ही बघतो.’ वर म्हणाले, हवा तपासलेली आहे, मर्यादेत आहे. तेही खोटं नसेल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, दिलेली होती. त्याच्या निम्म्या हवेत दिवसभर काम केलं तरी श्वास लाल दिवा दाखवील. आमच्या साहेबांना टिपण दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, ‘यात तंबाखू कुठे आहे?’ कारखान्यांचं खातं वेगळं, पत्र योग्य मार्गाने जाईल. ते अजून त्या मार्गावरच आहे.

रजिस्टरातली मामांची नोंद दुरुस्त करायला गेले, तर डेटा ऑपरेटर म्हणाली, मागच्या महिन्याचं पोर्टल बंद झालं. मी हाताने खोडून बाजूला लिहिलं: ‘आकड्याचं कारण भट्टी असू शकतं, चूक माझी.’ अशा शेऱ्याला रकाना नसतो, म्हणून समासात लिहिलं.

बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. सांगावंच लागलं. आकडा मोठ्याने वाचला होता, तर हे कानात कसं सांगणार? गुरुजी म्हणाले, असं होतं. रिक्षावाले काही बोलले नाहीत. आण्णा म्हणाले, ‘मी त्याला फोन करतोच हाय. पहाटंचा.’ मामा पुन्हा ओढायला लागले होते तरी तो फॅटचा फोन रोज चालू होता. बंद करावा असं आण्णांच्या मनातही आलं नव्हतं. मी हे कुठल्या पुस्तकातून शिकवलेलं नाही.

सात आठवड्यांनी मामा आले. बैठक निम्मी झाली होती. दारापाशी चप्पल काढून भाजीवाल्यांच्या मागे बसले. गालात गोळी होती, बरोबर जागेवर दाबलेली. मी माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी हात हलवला. फुंकर मारणार का असं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही मशीनकडे पाहिलं नाही. बैठक सुटल्यावर सगळे गेले, तरी ते थांबून राहिले.

‘मॅडम, त्या पोराला खाली घ्याटलं का?’

मी म्हटलं, पत्र दिलंय.

‘ते न्हवं,’ मामा म्हणाले. ‘मंगळवारी परत हीट हाय.’