लिस्पमध्ये पायथन उभारताना

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशिनांचे रोजचे आकडे गोळा करणारे प्रोग्रॅम मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितो. ते पोटापाण्याचं काम. रात्री गंगापूर रोडला घरी आलो, जेवणं झाली, की एसबीसीएल (कॉमन लिस्प या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीन कोड करणारा प्रोग्रॅम) उघडतो आणि कॉमन लिस्पमध्ये पायथन उभारायला, म्हणजे पायथनचे प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था लिहायला, बसतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्यानं परवा विचारलं, "मामा, पायथन आयतं मिळतं की! पुन्हा कशाला लिहायचं?" त्याला तोंडी सांगितलं ते इथे सविस्तर मांडतो.

वाट आधीच कुणीतरी पाडलेली आहे. विलेम ब्रूकेमा यांचं सीएलपायथन हेच करतं, आणि त्यातली मुख्य युक्ती मला फार सुंदर वाटते. पायथनचा मजकूर वाचून त्याचा लिस्पच्या याद्यांमध्ये वृक्ष बनवायचा आणि 'इफ', 'फॉर' अशा प्रत्येक रचनेच्या नावाचा एक मॅक्रो, म्हणजे कोडवरून नवा कोड तयार करणारा तुकडा, लिहायचा. वृक्ष हाच लिस्पचा प्रोग्रॅम होतो. मॅक्रो उलगडतात आणि पुढचं मशीन कोडचं काम लिस्पचा कंपायलर करतो.

बरंच काही आयतं मिळतं. कितीही मोठे पूर्णांक लिस्पमध्ये मुळातच आहेत. उणे ७ ला २ ने पूर्णांकी भागलं की पायथन उणे ४ देतं. लिस्पचं 'फ्लोअर'ही तेच देतं. काहीही झालं तरी शेवटी चालणाऱ्या पायथनच्या 'फायनली' भागासाठी लिस्पचं 'अनवाइंड-प्रोटेक्ट' तयारच आहे. पायथनमध्ये ओळीआधी सोडलेल्या जागेवरून, इंडेंटेशनवरून, रचना ठरते. त्याची लोकांना धास्ती वाटते, पण त्या जागांची नोंद ठेवणारा एक स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायची यादी) ठेवला की तो प्रश्न मिटतो.

खरी कसोटी अर्थाची. कॉमन लिस्पमध्ये खोटी गोष्ट एकच, 'निल'. रिकामी यादीही तीच. पायथनमध्ये शून्य, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी, 'नन' आणि 'फॉल्स' हे सगळे 'इफ'पुढे खोटे ठरतात, तरी प्रत्येक जण वेगळा. म्हणून 'नन', 'फॉल्स' आणि रिकाम्या यादीसाठी तीन निराळ्या वस्तू कराव्या लागतात आणि प्रत्येक 'इफ'च्या आत खरेखोटेपणा विचारणारं फंक्शन घालावं लागतं.

डिक्शनरीत, म्हणजे 'की' (ओळखखूण) देऊन तिच्याखाली किंमत साठवणाऱ्या पायथनच्या तक्त्यात, तर मी सर्वांत जास्त रमलो. पायथनला १, १.० आणि 'ट्रू' या तिन्ही की एकच वाटतात. १ खाली 'अ' ठेवा, मग 'ट्रू' खाली 'ब', मग १.० खाली 'क'. डिक्शनरीत एकच नोंद उरते: की पहिलीच, १, किंमत शेवटची, 'क'. लिस्पमध्ये असा तक्ता म्हणजे हॅश टेबल. 'इक्वल' तुलना वापरणारं हॅश टेबल १ आणि १.० वेगळे धरतं. 'इक्वलपी' त्यांना एक मानतं खरं, पण मग इंग्रजी स्ट्रिंगमधली लहान-मोठी अक्षरंही एकच मानतं. ते कसं चालेल? शेवटी एसबीसीएलच्या सोयीनं हॅश टेबलची तुलना आणि हॅश फंक्शन (कीवरून साठवायची जागा ठरवणारं) दोन्ही स्वतः लिहिली. रोज डिक्शनरी वापरतो, पण 'समान' ठरवताना ती काय काय बघते हे मला त्या रात्री कळलं. भाच्यानं हे काम करून बघावं असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच.

क्लासचंही तसंच. एका क्लासला अनेक पालक क्लास असले तर कुणाकडे आधी बघायचं, हा वारशाचा क्रम आवृत्ती २.३ पासून पायथन सी३ नावाच्या पद्धतीनं लावतं, तर क्लॉसचा, म्हणजे कॉमन लिस्पच्या क्लास-व्यवस्थेचा, नियम वेगळा. त्यामुळे क्रम मीच काढतो.

उरलंय ते 'यील्ड'. त्यात फंक्शन मध्येच थांबवून नंतर तिथूनच पुढे न्यायचं असतं, आणि लिस्पच्याच घराण्यातल्या स्कीम भाषेसारखी कंटिन्युएशन (थांबलेलं काम जपून ठेवून पुन्हा सुरू करायची सोय) कॉमन लिस्पमध्ये नाहीत. अशा 'यील्ड'वाल्या प्रत्येक फंक्शनला, म्हणजे जनरेटरला, वेगळा थ्रेड (एकाच वेळी चालणारा स्वतंत्र धागा) देता येतो, पण ते फार जड पडतं. म्हणून 'यील्ड'च्या जागी फंक्शनचे तुकडे पाडून कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवणारा कोड मॅक्रोकडून तयार करून घेतोय. साधे लूप चालतात. 'ट्राय-फायनली'च्या आतलं 'यील्ड' अजून बाकी आहे, कारण 'अनवाइंड-प्रोटेक्ट'मधून मध्येच बाहेर पडलं की 'फायनली'चा भाग लगेच चालतो, आणि इथे तो पुढे ढकलायचा आहे.