सत्तेचाळीस नव्हे, पन्नास

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात यंदा मुलांचे कार्यक्रम माझ्याकडे होते. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला टी-शर्ट द्यायचं ठरलं. दादरचा दुकानदार म्हणाला, "ताई, आकडा पक्का सांगा. मागाहून दोन-चार नग छापून मिळायचे नाहीत."

लेझीम २८, नाटक १९, भजन २३. बेरीज ७०. पण बरीच मुलं दोन-दोन ठिकाणी. याद्या जुळवायला बसले, तर एकीत शाळेतलं नाव, दुसरीत घरात हाक मारायचं. शेवटी तालमीला हात वर करायला लावले. लेझीम आणि नाटक दोन्हीत ८, नाटक-भजन ६, लेझीम-भजन ९. हे २३ वजा केले. उरले ४७.

नववीतली भाची शेजारी बसून बघत होती. तिच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण संचांचं. ती म्हणाली, "मावशी, मी तिन्हीत आहे. मग यात मी कुठे गेले?"

तिन्हीत असलेली तिच्यासारखी ३ मुलं होती. ७० मध्ये ती तीनदा मोजली गेली आणि तिन्ही वेळा हात वर केल्यामुळे तीनदा वजाही झाली. सगळ्यांत जास्त राबणारी मुलंच हिशेबातून पुसली गेली होती! ती ३ परत मिळवली. ५०.

तरी माझी खात्री पटेना. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढली, जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली मांडली तशी. "मधून भरायला घे." मध्ये ३. लेझीम-नाटकाच्या पाकळीत मी ८ लिहायला गेले, तिने हात धरला. त्या ८ मध्ये मधले ३ आलेच, म्हणून इथे ५. ‘दोन्हीत’ आणि ‘फक्त दोन्हीत’ यांत मी सारखी घसरत होते. उरलेल्या पाकळ्यांत ३ आणि ६. नुसतं लेझीम १४, नुसतं नाटक ८, नुसतं भजन ११. सातही कप्पे मिळून ५०. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग तिने भोवती चौकोन काढला. विश्वसंच, म्हणजे चाळीतली सगळी शाळकरी मुलं. ती ५६. वर्तुळांबाहेर ६ उरली आणि त्यांतलं एकही नाव मला आठवेना. फार लागलं मनाला. संध्याकाळी वही घेऊन घरोघरी फिरले. तिघांची क्लासची वेळ आड येत होती. दोघी बहिणी जूनमध्येच तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या. सहावा म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

त्याच रात्री दुकानदाराला फोन केला. ५६ सांगितले.