पाणी न तोडता कन्याकुमारीपर्यंत

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायच्या. रात्री जेवणानंतर दोन घोट, सकाळी अर्धा कप चहा, आणि मग मुक्कामी पोचेपर्यंत फक्त ओठ ओले करण्यापुरतं. त्यांच्याकडे लग्नातला स्टीलचा फिरकीचा तांब्या आहे, पोटावर माहेरचं नाव कोरलेला. प्रत्येक प्रवासात तो काठोकाठ भरून निघायचा. मुलांना, आम्हाला, शेजारच्या सीटवरच्या माणसालाही त्यातलं पाणी मिळायचं. त्या स्वतः मात्र प्यायच्या नाहीत. हे वाचणाऱ्या बायकांना कारण सांगायला नको. मीही तेच करते, माझी आईही तेच करायची.

फरक एवढाच की आईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी पाण्याबरोबर त्या गोळीलाही फाटा द्यायच्या, आणि हे आम्हाला माहीतच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सोलापूरला जाताना टेंभुर्णीच्या अलीकडे त्यांना भोवळ आली तेव्हा कळलं. त्याआधी आम्ही दोन ठिकाणी गाडी थांबवली होती. एका ठिकाणी बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि चावी असलेला माणूस जेवायला गेला होता. दुसऱ्या ठिकाणी दाराला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं. आई गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल, मला नाहीच लागलेली." त्यानंतर तासाभरात भोवळ. तीन दिवस सलाइनवर गेले. तेव्हापासून त्यांनी पुण्याबाहेर पाऊल टाकलं नाही. सोलापूरच्या सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत.

आणि ही बाई एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. फळ्यावर भारताचा नकाशा हातानेच काढायच्या, पट्टी नाही की छापा नाही, आणि सुरुवात नेहमी खालच्या टोकापासून. कन्याकुमारी, 8 अंश 4 मिनिटं उत्तर. "मुख्य भूमीचं टोक म्हणायचं, देशाचं नाही, देशाचं टोक इंदिरा पॉइंट," हे आमच्या दोन्ही मुलांना जेवताना इतक्यांदा ऐकवलं गेलंय की त्यांना ते पाढ्यासारखं पाठ आहे. पण ते टोक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आधी नोकरी, मग सासऱ्यांचं आजारपण, मग हे.

मोटारहोमची कल्पना नवऱ्याची. वाकडला एकाच्या पार्किंगमध्ये त्याने भाड्याची एक गाडी पाहिली होती. ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली, आत चार-पाच जणांना झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रीज, आणि मागच्या कोपऱ्यात दाराला आतून कडी असलेलं संडास-बाथरूम. घरी आल्यावर त्याने फक्त या शेवटच्या गोष्टीबद्दल सांगितलं. "आई, तू एकदा बघायला चल." आई आल्या, त्यांनी गाडीतलं बाकीचं काहीच पाहिलं नाही. थेट मागे गेल्या, दार लावलं, कडी घातली, फ्लश करून पाहिला, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कधी निघायचं?"

आम्ही जानेवारीत निघालो. एकोणीस दिवस, सगळं मिळून 3600 किलोमीटरच्या थोडं वर. मुलीचे शाळेचे दिवस बुडले, मुलाच्या कॉलेजचेही. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी थोडं गाडीबद्दल. या गाडीचं एकूण वजन 7500 किलोच्या आत होतं, त्यामुळे नवऱ्याचं साधं हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स चाललं. उंची वरच्या एसीसकट 2.9 मीटर. तो आकडा आम्ही कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवला होता, कारण गावातल्या पार्किंगचे आडवे लोखंडी बार आणि झाडांच्या फांद्या आपल्या रोजच्या गाडीतून कधी डोळ्यांत भरतच नाहीत. पाण्याची टाकी 120 लिटरची. पाच माणसं काटकसरीने अंघोळ करतात तेव्हा ती जेमतेम दीड दिवस पुरते. बॅटरी 12 व्होल्टची, 200 अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरली तर साधारण 2.4 युनिट वीज. एवढ्यावर एसी रात्रभर चालत नाही, हे निघण्यापूर्वीच मनाशी पक्कं करावं. आम्ही छताचा पंखा आणि जाळीच्या खिडक्यांवर झोपलो. मदुराईच्या खाली मात्र एका लॉजच्या आवारात पैसे देऊन वायर जोडून घेतली. डिझेल साधारण 430 लिटर लागलं.

पहिल्या दिवशी खंबाटकीचा घाट चढून गेलो, सातारा मागे पडलं. आई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर तांब्या. सवयीने त्यांनी तो मुलीपुढे धरला. मुलीने पाणी प्यायलं आणि तांब्या परत दिला. आईंनी फिरकी लावायला घेतली, अर्धी लावली आणि थांबल्या. मागच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग फिरकी पुन्हा काढली आणि तांब्या वर धरून, ओठांना न लावता, घटाघटा पाणी प्यायल्या. गळ्यावरून दोन थेंब पदरावर आले. कराड अजून यायचं होतं आणि मुक्कामाचं बेळगाव त्याच्याही कितीतरी पुढे. मी त्यांच्या समोर बसले होते. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण धावत्या गाडीत त्यांना पोटभर पाणी पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी काही बोलले नाही. माझी बाटली उघडून मीही प्यायले.

बेळगाव, मग चित्रदुर्ग, मग बंगळुरू ओलांडून कृष्णगिरी, असे पहिले तीन मुक्काम. रोज अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि अंधार पडायच्या आत गाडी उभी करायची, हे दोन नियम आम्ही शेवटपर्यंत पाळले. रात्री बहुतेक वेळा मोठ्या पेट्रोलपंपावर, आधी विचारून, गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवून. धर्मपुरीहून सेलमकडे उतरताना थोप्पूरचा घाट लागतो. तिथला लांब उतार ट्रकच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नवऱ्याने वरूनच दुसरा गिअर टाकला आणि पाय ब्रेकवर न ठेवता इंजिनच्या जोरावर गाडी हळूहळू खाली आणली. जड गाडीचे ब्रेक सतत दाबून तापले की लागत नाहीत. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

आता ज्या कामाबद्दल कुणी लिहीत नाही ते. या गाड्यांच्या संडासाखाली वीस लिटरच्या आसपासची एक बंद पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. बाहेरच्या बाजूची छोटी झडप उघडून ती ओढून काढायची, पंपाच्या नाहीतर लॉजच्या संडासात रिकामी करायची, धुवायची, त्यात औषध घालून परत बसवायची. पाच माणसांत रोज एकदा, कधी दोनदा. केरळने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण हमरस्त्यावर ठिकठिकाणी हे रिकामं करायची वेगळी सोय असते असं समजून निघू नका. विचारावं लागतं, आणि आपण नंतर सगळं स्वच्छ धुऊन देतो हे समोरच्याला दिसावं लागतं. उघड्यावर किंवा ओढ्यात ओतायचं नाही, यावर आमच्याकडे चर्चाच झाली नाही. हे काम पहिले दोन दिवस नवऱ्याने केलं. तिसऱ्या दिवशी चित्रदुर्गला पहाटे मला जाग आली तर मुलगा हातमोजे चढवत होता. अठरा वर्षांचा मुलगा, घरी स्वतःचं ताट उचलायला दोनदा सांगावं लागतं. मी म्हटलं, "बाबांना उठवू का?" तर म्हणाला, "नको गं. आजी उठायच्या आत व्हायला हवं, नाहीतर ती परत पाणी कमी करेल." पुढचे सोळा दिवस ते काम त्याचंच होतं.

आणि नेमकी त्याच झडपेने दगा दिला. करूरच्या अलीकडे तिचं कुलूप अडकलं आणि बिजागरी निखळली. पेटी भरत आलेली आणि बाहेर काढता येत नाही. आईंना सांगायचं नाही असं आम्ही खुणेने ठरवलं, पण त्यांना कळलंच, आणि जेवताना त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. ते पाहून माझा जीव कासावीस झाला.

पण देवाने गाडी बंद पाडायला जागा बरी निवडली होती. करूर हे बसच्या बॉड्या बांधणारं गाव आहे. दक्षिणेतल्या कितीतरी बस इथे सांगाड्यावरून उभ्या राहतात. पत्रा, वेल्डिंग, रिव्हेट, सगळं रस्त्याला लागून. एका शेडमध्ये आम्ही गाडी घातली. मिस्त्री पन्नाशीचे, त्यांना तमिळ सोडून काही येत नव्हतं, आम्हाला तमिळ येत नव्हतं. त्यांनी झडप पाहिली, कुलूप छिन्नीने उडवलं, पेटी निघाली. मग ॲल्युमिनियमचा पत्रा कापून नवी झडप बनवली, बसच्या डिकीला असतात तशा बिजागऱ्या लावल्या आणि कुलपाच्या जागी साधा कडी-कोयंडा. गाडीमालकाला फोन करून विचारलं होतं, तो हो म्हणाला. हे चालू असताना आई खाली उतरत होत्या. गाडीची पायरी उंच होती, त्या नेहमी माझा खांदा धरून उतरायच्या. मिस्त्रींनी हातातलं काम ठेवलं, आईंचा हात कुठपर्यंत पोचतो ते पाहिलं, आत जाऊन बसच्या दारातला पिवळा दांडा आणला आणि त्या उंचीवर दाराशी बसवून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. आईंनी त्यांना डब्यातले तिळगुळाचे लाडू दिले, संक्रांत दोन दिवसांवर होती. पुढच्या सगळ्या प्रवासात आई एकट्या चढल्या आणि एकट्या उतरल्या.

तंजावरला पोचलो तेव्हा पोंगल. दारोदार कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, आणि उसाच्या मोळ्या. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलं आणि त्याचं शिखर दोनशे फुटांहून उंच आहे, हे वाचून गेलो होतो. पण आई अडकल्या त्या आवाराच्या भिंतीशी. तिथे तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरवलेला भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. पुण्यापासून हजारापेक्षा जास्त किलोमीटरवर, तमिळ गर्दीच्या मध्ये, आई चष्मा वर-खाली करत ओळी लावत होत्या. "हे बघ, इथे 'शिवाजी' आहे." अक्षरं जुन्या वळणाची, सगळी लागत नव्हती. त्या तिथे सव्वा तास उभ्या होत्या आणि एकदाही "चला आता, उशीर होईल" म्हणाल्या नाहीत. पूर्वी कुठेही गेलो तरी हे वाक्य त्यांचं असायचं. ते कुठून यायचं हे मला त्या भिंतीपाशी समजलं.

मदुराईच्या बाजूला जल्लिकट्टूची, म्हणजे बैलांना आवरायच्या खेळाची गर्दी होती, आम्ही बाहेरून निघालो. तिरुनेलवेलीनंतर पवनचक्क्या सुरू झाल्या आणि एका संध्याकाळी रस्ता संपला.

विवेकानंद शिलेच्या बोटीला मोठी रांग होती. 1970 साली उभं राहिलेलं ते स्मारक ज्यांनी चिकाटीने बांधून घेतलं ते एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यामुळे आईंना जायचं होतं, पण गुडघे तेवढा वेळ उभे राहू देईनात. "तुम्ही या जाऊन, मला इथून दिसतंय," म्हणाल्या. नवरा मुलांना घेऊन गेला. आम्ही दोघी काठाला बसलो. समोर शिला, तिच्याशेजारी तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा 133 फुटी पुतळा. आईंनी तिथल्या मुलीकडून शेंगदाणे घेतले, तांब्यातलं पाणी प्यायल्या, मला दिलं.

मुलं परत आल्यावर त्या वाळूत उतरल्या. काठीने नकाशा काढायला घेतला, खालच्या टोकापासून, फळ्यावर काढायच्या तसाच. पूर्वेला कोरोमंडलचा किनारा वर नेला, पश्चिमेला मलबार. मग नातवाला म्हणाल्या, "ये, टोकावर उभा राहा. तोंड दक्षिणेला कर. डावा हात?" तो म्हणाला, "बंगालचा उपसागर." "उजवा?" "अरबी समुद्र." "आणि समोर?" त्याने उत्तर द्यायच्या आत एक लाट आली आणि त्याच्या पायाखालचं टोक घेऊन गेली. आईंनी ते परत काढलं.

येताना समुद्राकाठच्या 66 नंबरच्या महामार्गाने आलो. केरळात रुंदीकरणाची कामं चालू होती, गाडी मुंगीच्या पावलाने चालली, मासे मात्र उत्तम मिळाले. सावंतवाडीहून आंबोली चढलो आणि निपाणीला ओळखीच्या रस्त्याला लागलो.

वाकडला गाडी परत करताना मालकाने पिवळा दांडा पाहिला आणि तो तसाच ठेवतो म्हणाला. आईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी घरी तुळशीला घातलं.

सोलापूरच्या त्या भाचीला मुलगी झालीय. पुढच्या महिन्यात बारसं आहे. आईंनी काल विचारलं, ती गाडी दोन दिवसांसाठीही देतात का.